क्लार्क हा मुळात कोण होता?

इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: चॉसर या मध्ययुगीन इंग्रज कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका पात्राचा उल्लेख मराठीत ‘ऑक्सफर्डचा कारकून’ असा वाचला, पण हा कारकून उशाशी ॲरिस्टॉटलची पुस्तकं का बाळगतो? जोडीला दोन शंका. पाद्री मंडळींसाठी वापरला जाणारा ‘क्लर्जी’ हा शब्द आणि आपला क्लार्क यांचा काही संबंध आहे का? आणि अमेरिकेतला तिचा भाऊ ‘क्लर्क’ म्हणतो, आपण ‘क्लार्क’ म्हणतो, तर चुकतं कोण?

थेट उत्तरं आधी देतो. ते भाषांतर चुकलेलं आहे. क्लार्क आणि क्लर्जी यांचं नातं सख्खं आहे. उच्चारात मात्र कुणीच चुकत नाही. आता कारणं सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो. कोशाच्या कामात अनेक वर्षं घालवल्यावर मला वाटतं की समाजात अक्षरओळख कुणाच्या हाती होती, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे शब्द फार थोडे आहेत.

मूळ शब्द ग्रीक, ‘क्लेरोस’. चिठ्ठ्या टाकताना वापरायचा लाकडाचा तुकडा किंवा खडा, असा त्याचा अर्थ. प्राचीन अथेन्समध्ये न्यायसभेतले पंच आणि बरेचसे अधिकारी चिठ्ठ्या टाकूनच निवडले जात. पुढे चिठ्ठीतून जे वाट्याला आलं त्यालाही क्लेरोस म्हणू लागले. मग वाटणीची जमीन आणि मग वारसा, असा अर्थ सरकत गेला. बायबलच्या जुन्या करारात लेवी या याजकवंशाबद्दल असं वचन आहे की त्यांना भाऊबंदांबरोबर जमिनीत वाटा नाही, परमेश्वर हेच त्यांचं वतन. मराठी बायबलातला हा ‘वतन’ शब्द इथे अगदी चपखल बसतो. ग्रीक बायबलात त्या जागी ‘क्लेरोस’ आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी एका तरुण पाद्र्याला लिहिलेल्या पत्रात ‘क्लेरिकस’ या लॅटिन शब्दाची फोड याच आधाराने केली: हे लोक परमेश्वराच्या वाट्याचे, किंवा परमेश्वर यांच्या वाट्याचा. म्हणजे लॅटिनमध्ये हा शब्द स्थिरावला तेव्हा त्यात लेखणीचा मागमूस नव्हता. क्लेरिकस हा चर्चच्या सेवेतला माणूस होता, एवढंच.

लेखणी त्याच्या हाती आली ती परिस्थितीमुळे. रोमन साम्राज्य पश्चिमेत मोडून पडल्यावर लिहिण्या-वाचण्याचं शिक्षण मुख्यतः मठांत आणि कॅथीड्रलांच्या शाळांत उरलं. राजाला पत्र लिहायचं असेल, जमिनीचा दस्त करायचा असेल, कराचा हिशेब ठेवायचा असेल, तर चर्चचा माणूस बोलवावा लागे. राजाच्या दृष्टीने त्यात आणखी एक सोय होती. या माणसाला खजिन्यातून रोख पगार द्यायची गरज नसे, एखाद्या चर्चच्या उत्पन्नावर त्याची नेमणूक करून दिली की भागे. त्यामुळे इंग्लंडच्या राजदरबारातली कचेरी क्लार्क मंडळींनी भरली. राजा दुसरा हेन्री याचा चॅन्सलर टॉमस बेकेट हाही आधी कँटरबरीच्या आर्चबिशपच्या पदरी असलेला असाच एक क्लार्क होता.

या सगळ्यातून ‘चर्चचा माणूस’ आणि ‘लिहिता-वाचता येणारा माणूस’ हे दोन अर्थ एकमेकांत मिसळून गेले. पहिला हेन्री (राज्यकाळ ११०० ते ११३५) याला पुढच्या काळात ‘बोक्लेर्क’ हे टोपणनाव मिळालं. त्याचा अर्थ चांगला शिकलेला, विद्वान. हा राजा होता, पाद्री नव्हे. तरीही शिकलेला या अर्थी त्याला क्लार्कच म्हटलं गेलं, आणि तेही कौतुकाने. शिवाय क्लार्क म्हणजे पूर्ण दीक्षा घेतलेला पुरोहितच असंही नव्हतं. टाळूवरचे केस भादरून खालच्या पायरीवरची दीक्षा घेतली तरी माणूस क्लार्क ठरे, आणि त्या पायरीवर लग्नालाही आडकाठी नसे. ऑक्सफर्ड आणि पॅरिसचे विद्यार्थी याच नात्याने क्लार्क गणले जात.

आता चॉसर. चौदाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या त्याच्या काव्यातला ऑक्सफर्डचा क्लार्क तर्कशास्त्र शिकतो आहे. घोडा हडकुळा, स्वतःही पोट खपाटीला गेलेला, अंगरखा विरलेला. भारी कपड्यांपेक्षा काळ्या-तांबड्या बांधणीची वीस पुस्तकं त्याला उशाशी हवी आहेत. मित्रांकडून मिळेल तो पैसा पुस्तकांवर खर्च करायचा आणि देणाऱ्यांच्या आत्म्यासाठी मनोभावे प्रार्थना करायची, हा त्याचा क्रम. वार लावून जेवणारा आणि दात्याचं भलं चिंतणारा आपल्याकडचा जुना विद्यार्थी आठवा, म्हणजे हा माणूस डोळ्यांपुढे उभा राहील. पण माझ्या दृष्टीने कळीची ओळ वेगळीच आहे. चॉसर सांगतो की त्याला अजून चर्चची जागा मिळाली नव्हती, आणि कचेरीतलं पद धरावं इतका तो व्यवहारी नव्हता. त्या काळी शिकलेल्या क्लार्कपुढे या दोन वाटा होत्या. कवीने आपल्या पात्राला दुसऱ्या वाटेने जाऊच दिलेलं नाही. म्हणून ‘ऑक्सफर्डचा कारकून’ हे भाषांतर केवळ ढोबळ नाही, ते मूळ ओळीच्या उलट जातं. मी स्वतः ‘ऑक्सफर्डचा विद्यार्थी’ असं लिहीन. कुणी ‘अभ्यासक’ लिहिलं तरी हरकत घेणार नाही.

दुसऱ्या वाटेने गेलेला माणूसही आपल्याला चांगला माहीत आहे. टॉमस हॉक्लीव्ह हा कवी चॉसरला गुरू मानणारा. नोकरी मात्र राजाच्या ‘प्रिव्ही सील’ या मुद्रा-कचेरीत, तीही जन्मभराची. चर्चचं उत्पन्न लावून मिळेल या आशेवर तो बरीच वर्षं थांबला. ते मिळेना तेव्हा त्याने लग्न केलं, आणि पाद्री होण्याचा रस्ता बंद झाला. १४११ च्या सुमारास लिहिलेल्या कवितेत तो म्हणतो की लोकांना लिहिणं हा खेळ वाटतो, पण ते कष्टाचं काम आहे. कारागीर काम करता करता बोलतात, गातात, लेखनिकाला तेही करता येत नाही. मन, डोळा आणि हात एकाच वेळी जागेवर लागतात. वाकून वाकून पोट दुखतं, पाठ धरते, आणि सर्वांत जास्त हाल डोळ्यांचे होतात. हे वाचताना मला दर वेळी वाटतं की आजच्या अर्थाचा क्लार्क इंग्रजीत पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलतो तो इथे. चर्च सुटलं, कचेरी उरली. हॉक्लीव्ह १४२६ मध्ये वारला. त्याच्या पिढीपासून कचेऱ्यांत चर्चशी संबंध नसलेले, घरसंसार असलेले लेखनिक वाढत गेले.

जुना अर्थ मात्र एका विलक्षण जागी टिकून राहिला, आणि ती जागा होती फौजदारी न्यायालय. पुढे स्वतःच कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या बेकेटचा ११७० मध्ये तिथल्या कॅथीड्रलात खून झाला. त्याच्या आणि राजाच्या भांडणाचं एक मुख्य कारण हेच होतं की गुन्हा करणाऱ्या चर्चच्या माणसाला शिक्षा कुणी द्यायची. खुनानंतर राजाला नमतं घ्यावं लागलं, आणि क्लार्क असलेल्या आरोपीला राजाच्या न्यायालयाच्या मृत्युदंडातून सूट मिळू लागली. चर्चच्या न्यायालयात देहदंड नव्हता. पण आरोपी खरोखर क्लार्क आहे हे ओळखायचं कसं? केस कुणीही भादरून घेईल. मग चाचणी ठरली ती वाचनाची. पुस्तक पुढे ठेवायचं, आणि त्याने वाचून दाखवलं की ‘लेजिट उत क्लेरिकस’, म्हणजे ‘हा क्लार्कप्रमाणे वाचतो’, असा निर्वाळा द्यायचा. बहुधा स्तोत्रसंहितेतल्या ५१ व्या स्तोत्राची सुरुवात वाचायला देत: हे देवा, माझ्यावर दया कर. या ओळीने फास चुकत असे, म्हणून लोक तिला मानेची ओळ म्हणत. ज्यांना अक्षर येत नव्हतं असेही ती पाठ करून ठेवत.

या चाचणीने शब्दाचं सगळं गणित उघड केलं. वाचता येतं तो क्लार्क, मग तो विणकर असो की सैनिक. चाचणी जन्माला आली तेव्हा वाचणारे थोडे होते, म्हणून ती चालून गेली. पंधराव्या शतकात वाचणारे वाढले, छापखाना आला (कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला तो १४७६ मध्ये सुरू केला), आणि सूट मागणारेही वाढले. १४८९ मध्ये सातव्या हेन्रीच्या संसदेने कायदा करून खरा दीक्षित आणि नुसता वाचता येणारा यांत फरक केला. नुसता वाचणारा असेल त्याला ही सूट आयुष्यात एकदाच, आणि पुन्हा मागू नये म्हणून अंगठ्यावर डाग. नाटककार बेन जॉन्सन याने १५९८ मध्ये द्वंद्वयुद्धात एका नटाला मारलं तेव्हा तो याच सवलतीने फासातून सुटला, अंगठ्यावर डाग घेऊन. स्त्रियांना दीक्षाच मिळत नव्हती, त्यामुळे कितीही चांगलं वाचता आलं तरी त्यांना ही सूट नव्हती. १६२४ मध्ये थोडी सवलत मिळाली आणि पुरुषांच्या बरोबरीने हक्क मिळायला १६९१ उजाडलं. १७०६ मध्ये वाचनाची चाचणी रद्द झाली, १८२७ मध्ये इंग्लंडमधून ही सूटच गेली. एका शब्दाच्या अर्थावर माणसांचा जीव अवलंबून होता, आणि तोही इतकी शतकं. याचं मला अजूनही नवल वाटतं.

तोवर व्यापार फोफावला होता. वखारी, पेढ्या, वकिलांची कार्यालयं, विमा, टपाल, रेल्वे यांना हिशेब ठेवणारी आणि नकला काढणारी माणसं हजारोंनी लागू लागली. प्राथमिक शिक्षण पसरल्यावर तशी माणसं मिळूही लागली. अर्थाचा अपकर्ष म्हणतात तो इथे घडला. डिकन्सच्या १८४३ च्या नाताळकथेतला बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंगांवर, थंडीत कुडकुडत पत्रांच्या नकला काढतो. डिकन्सने स्वतः पंधराव्या वर्षी लंडनमध्ये वकिलाकडे क्लार्कची नोकरी केली होती, त्यामुळे ते चित्र ऐकीव नाही. क्रॅचिटचं काम हॉक्लीव्हच्या कामाहून वेगळं नाही. फरक इतकाच की हॉक्लीव्हच्या इंग्लंडमध्ये असं लिहू शकणारे मोजके होते, आणि क्रॅचिटच्या लंडनमध्ये त्याच्या जागेवर बसायला रांग होती.

दोन्ही अर्थ आजही एका विशेषणात शेजारी-शेजारी नांदतात. ‘क्लेरिकल कॉलर’ ही पाद्र्याच्या गळ्याभोवतीची पांढरी पट्टी, आणि ‘क्लेरिकल मिस्टेक’ म्हणजे सातबाऱ्यावर नाव चुकीचं पडलं की तलाठी कार्यालयात ऐकायला मिळते ती. फ्रेंचमध्ये तर चढता अर्थ अधिक टिकला. १९२७ मध्ये जुलियें बांदा यांनी ‘क्लर्कांचा द्रोह’ अशा अर्थाच्या शीर्षकाचं पुस्तक लिहिलं, त्यातले क्लर्क म्हणजे विचारवंत. अमेरिकेत ते इंग्रजीत आणताना ‘इंटेलेक्च्युअल्स’ हा शब्द घ्यावा लागला, कारण इंग्रजी क्लार्क तोवर फार खाली आला होता.

आपल्याकडे याचा एक धागा नक्की जुळतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतली सर्वांत खालची पायरी ‘रायटर’ म्हणून ओळखली जाई. रॉबर्ट क्लाइव्ह १७४४ मध्ये मद्रासला आला तो रायटर म्हणूनच, आणि कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगचं नावही त्यावरूनच. क्लार्क हा शब्द आपल्या तोंडी रुळला तो पुढे, सरकारी कचेऱ्या आणि मुंबईच्या पेढ्यांमधून. ‘मेकॉलेला कारकून हवे होते’ असं आपण सहज म्हणतो. १८३५ च्या त्याच्या टिपणातल्या ज्या वाक्याचा आधार घेतला जातो त्यात शब्द ‘इंटरप्रिटर’, म्हणजे दुभाषे, असा आहे. परिणाम काय झाला याबद्दल वाद नाही, पण वाक्य उद्धृत करताना शब्द बरोबर हवा.

कारकून हा फारसी शब्द, काम करणारा असा सरळ अर्थ. मराठेशाहीत आणि पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात कारकुनाला वजन होतं. गावपातळीवर कुलकर्ण्याच्या दप्तरात काय लिहिलं आहे यावर शेतकऱ्याची जमीन टिके किंवा जाई. जोतीराव फुल्यांनी कचेऱ्यांतल्या भट कामगारांवर जो घणाघात केला त्याच्या मुळाशी हेच होतं की अक्षर एकाच वर्गाच्या हाती, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं जातं त्याला ते वाचता येत नाही. फुल्यांचा शेतकरी आणि अंगठ्यावर डाग घेणारा इंग्लंडमधला आरोपी यांची तुलना मी करत नाही, दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. पण लिहिता येणं ही ताकद होती, हे दोन्हीकडे खरं आहे. पुढे शाळा वाढल्या आणि कारकुनाचंही तेच झालं जे क्लार्कचं झालं. ‘खर्डेघाशी’ हा शब्द आपण कोणत्या सुरात उच्चारतो ते पाहा. ‘अव्वल कारकून’ या महसुली पदनामात मात्र जुन्या दिमाखाची खूण शिल्लक राहिली. आता जाहिरातींत ‘लिपिक-टंकलेखक’ असतं.

काही संस्थांनी इंग्रजी शब्दाची जुनी उंची राखली आहे, आणि भाषांतरकाराची दांडी उडते ती इथे. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचा क्लार्क हा त्या सभागृहाचा सर्वोच्च कायम अधिकारी. आपल्या विधिमंडळात नियमांचा वाद निघाला की ज्या अर्स्किन मे यांचा दाखला देतात, ते याच पदावर होते. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड जस्टिस क्लार्क हे देशातले दुसऱ्या क्रमांकाचे न्यायाधीश. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले लॉ क्लार्क म्हणजे नामांकित विद्यापीठांतून वेचून घेतलेले तरुण कायदेपंडित. चॉसर स्वतः १३८९ ते १३९१ या काळात राजाच्या बांधकामांचा क्लार्क होता, म्हणजे वेस्टमिन्स्टरचा राजवाडा आणि लंडनचा टॉवर यांच्या डागडुजीची जबाबदारी त्याच्यावर होती. यांतल्या एकालाही कारकून म्हणून चालणार नाही. उलट अमेरिकी कादंबरीतला क्लार्क बहुतेक वेळा दुकानात गल्ल्यामागे उभा असतो, तिथे ‘विक्रेता’ किंवा नुसतं ‘दुकानातला माणूस’ लिहावं. हॉटेलातला असेल तर स्वागतकक्षातला. पान कोणत्या शतकातलं आणि कोणत्या देशातलं आहे हे पाहिल्याशिवाय या शब्दाला हात लावू नये, असं मी नव्या भाषांतरकारांना नेहमी सांगतो.

राहिला उच्चार. मध्ययुगाच्या उत्तरार्धात इंग्रजीत ‘एर’चा ‘आर’ होण्याची लाट आली. स्टेर्रेचं स्टार झालं, फेर्मचं फार्म, हेर्टेचं हार्ट. पुष्कळ शब्दांचं स्पेलिंगही उच्चारामागे बदललं. क्लार्क, सार्जंट, डार्बी यांचं राहून गेलं, लिहायचं ‘ई’ आणि म्हणायचं ‘आ’. काही शब्दांची तर जोडीच तयार झाली: पर्सन आणि पार्सन, युनिव्हर्सिटी आणि व्हार्सिटी. अमेरिकेत लोक स्पेलिंगकडे पाहून ‘क्लर्क’ म्हणू लागले आणि तेच रूढ झालं. मराठी आणि गुजराती या मुंबई इलाख्यातल्या भाषांनी ‘क्लार्क’ घेतला तो साहेबाच्या तोंडून, कानाने. हिंदीतला ‘क्लर्क’ अक्षरावरून आलेला दिसतो. आपणही नेहमी कानाचंच ऐकलं असं नाही. महालक्ष्मीच्या शर्यतीला आपण ‘डर्बी’ म्हणतो, जिला इंग्लंडमध्ये डार्बी म्हणतात.

तेव्हा तुमचा भाऊ त्याच्या देशाच्या रीतीने बरोबर बोलतो आणि तुम्ही तुमच्या. त्याला एवढंच सांगा की तिथला ‘क्लार्क’ आडनावाचा शेजारी आणि दुकानातला ‘क्लर्क’ हे एकाच शब्दाचे वंशज आहेत. आपल्याकडे चिटणीस, फडणीस, पोतनीस ही कामाची नावं आडनावं झाली, तसंच ते. आडनाव उच्चाराप्रमाणे ‘ए’ने लिहिलं गेलं, कामाचं नाव ‘ई’नेच राहिलं, म्हणून अमेरिकेत दोन्ही वेगळी ऐकू येतात. विद्युतचुंबकत्वाची समीकरणं मांडणारे मॅक्सवेल स्कॉटलंडचे. त्यांच्या मधल्या नावाचं स्पेलिंग ‘ई’चं आहे, तरी उच्चार क्लार्क. मराठी विज्ञानपुस्तकांत ते कधी ‘जेम्स क्लर्क मॅक्सवेल’ असं छापलेलं दिसतं, तिथे दुरुस्ती करायला हवी.